लहान इंजिनातली खरी वाफ

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते सुरू झाले. तिथल्या आवारात मोठमोठी इंजिने उभी आहेत. पण मी सगळ्यांत जास्त वेळ थांबलो तो एका बुटक्या, विचित्र इंजिनापाशी. पतियाळा संस्थानच्या मोनोरेलचे ते इंजिन. या गाडीला एकच रूळ लागतो. जवळजवळ सगळे वजन त्या एका रुळावर, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठे चाक, जे साध्या रस्त्यावरून धावते. इंजिनाची तिन्ही चाके एकामागे एक, आमच्या सिंगल फाइलसारखी.

१९०७ साली कर्नल बोल्स यांच्या देखरेखीखाली हा मार्ग झाला. संस्थानाकडे युद्धासाठी राखलेली शेकडो खेचरे होती. शांततेच्या काळात त्यांना काम काय, तर गाड्या ओढणे. पुढे बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची वाफेची इंजिने आली. १९२७ मध्ये मार्ग बंद पडला. १९६२ मध्ये मायकेल सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना ही गाडी विसरलेल्या अवस्थेत सापडली. नंतर अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात तिची दुरुस्ती झाली आणि तिच्यात पुन्हा वाफ भरली गेली. आपल्यासाठी एक जोड सांगतो: नेरळ-माथेरान गाडीही १९०७ चीच, आणि तिची पहिली इंजिनेही याच कंपनीची. त्यांतले एक आज याच संग्रहालयात आहे. पतियाळा आणि माथेरान, दोघांचे माहेर एकच!

आता मुद्द्यावर येतो. आमच्या हॉबी क्लबमध्ये विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत. खऱ्या वाफेचे एक छोटे इंजिन घ्यावे, असा अर्ज आम्ही तिघांनी दिला. त्यावर दोन प्रश्न आले. विजेची गाडी असताना वाफेची कशाला? आणि मुलांच्या हातात बॉयलर देणे सुरक्षित आहे का? दुसरा प्रश्न पालकसभेतही निघाला. हा लेख म्हणजे या दोन्ही प्रश्नांना आमचे उत्तर आहे.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते जरूर पाहावे. तिथल्या गाड्या, सिग्नल, दिवे पाहून कोणीही थक्क होईल. पण त्या गाड्या विजेवर चालतात. विजेच्या गाडीला बटण दाबले की वेग मिळतो. वाफेच्या गाडीला वेग द्यावा लागत नाही, तो तयार करावा लागतो.

माझे काका नोएडाला राहतात. त्यांच्या घरामागच्या छोट्या बागेत विटांच्या ओळीवर ४५ मिलिमीटर गेजचे रूळ टाकलेले आहेत. त्यावर ब्यूटेन गॅसवर चालणारे एक इंजिन धावते. काकांना शिकवले आजोबांनी. आजोबा भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. आता ते काकांकडे राहतात, आणि इंजिन पेटवायचे म्हटले की खुर्ची बागेत आणायला सांगतात.

मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनात वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या वर असे. काकांच्या इंजिनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह २.८ किलोला उघडतो. पिस्टनचा व्यास १४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: पिस्टनवर चार किलोहून जास्त जोर येतो. चार किलो वजनाच्या गाडीला तो पुरेसा आहे.

पण वाफ लहान होत नाही, ही खरी गंमत. इंजिन विसाव्या हिश्शाएवढे केले की लांबी १/२० होते, पृष्ठभाग १/४०० होतो आणि घनफळ १/८०००. म्हणजे प्रत्येक थेंब पाण्यामागे थंड होणारा पृष्ठभाग वीसपट झाला. मोठे इंजिन रात्रभर गरम राहते. छोटे काही मिनिटांत गार पडते. त्यात भर म्हणजे सुप्त उष्णता. १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ८० कॅलरी लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. वाफ गार सिलिंडरला लागली की ही सगळी कमाई परत देऊन पुन्हा पाणी होते. म्हणून सुरुवातीला इंजिन चालत नाही, धुराड्यातून गरम पाणी थुंकते. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर केला तर पिस्टन अडकतो, कारण पाणी दाबले जात नाही. मोठ्या इंजिनात त्यासाठी सिलिंडर कॉक असतात. फायरमन ते उघडून पाणी बाहेर सोडतो. काकांच्या इंजिनाला ते नाहीत. तिथे हातमोजा घालून इंजिन वीतभर पुढे, वीतभर मागे असे ढकलायचे, सिलिंडर तापेपर्यंत.

तेल देण्याची पद्धत मला सगळ्यांत आवडली. वाफेच्या नळीला एक छोटी डबी जोडलेली असते, तिच्यात घट्ट तेल भरायचे. थोडी वाफ डबीत शिरते, गार होते, तिचे पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जाते आणि तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाते. पंप नाही, स्प्रिंग नाही. आर्किमिडीजच तेलवाला! फेरी संपल्यावर डबीतले पाणी काढून टाकायचे. किती पाणी निघाले, यावरून किती तेल खर्च झाले ते कळते.

दिल्लीची हवा या छंदाला दोन्ही टोकांनी छळते. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो. २० अंशांना टाकीत त्याचा दाब सुमारे दोन वातावरणांइतका असतो, पण जानेवारीच्या सकाळी ५ अंशांना जेमतेम सव्वा. बाहेरच्या हवेचा एक वजा केला तर बर्नरला ढकलायला पाव उरतो, आणि ज्योत मरगळते. काका गॅसची टाकी कोमट पाण्यात ठेवतात. कोमटच, उकळते पाणी किंवा ज्योत तिच्याजवळ कधीही न्यायची नाही. उन्हाळ्यात त्रास रुळांना होतो. पितळेचा १० मीटर रूळ हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा मेच्या दुपारी ५० अंशांनी जास्त तापला, तर तो जवळजवळ १ सेंटिमीटर वाढतो. जोडांत फट ठेवली नसेल तर रूळ सापासारखा वाकतो. पाणीही नळाचे चालत नाही, कारण क्षारांचा थर बॉयलरच्या आत बसतो. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरतात.

आता सुरक्षिततेचे. २.८ किलो दाबाला पाणी १०० नव्हे, सुमारे १४० अंशांना उकळते. बॉयलर फाटला तर दाब एकदम जातो आणि त्या गरम पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते. धोका आहे तो इथे. तो नाही असे म्हणणाऱ्याच्या हातात मीही इंजिन देणार नाही.

म्हणून बॉयलरची चाचणी वाफेने किंवा हवेने घेत नाहीत, थंड पाण्याने घेतात. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा एकही बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट दाब द्यायचा. पाणी आकसत नसल्यामुळे त्यात शक्ती साठत नाही. सांधा कच्चा असेल तर दोन थेंब गळतात आणि काटा शून्यावर येतो, एवढेच. हवा भरली असती तर तीच स्प्रिंगसारखी उसळली असती.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्योत चालू आणि बॉयलर कोरडा, ही सगळ्यांत वाईट स्थिती. चांगल्या गॅसच्या इंजिनात टाकीच अशा मापाची असते की बॉयलर आणि टाकी एकदम भरली, तर गॅस आधी संपतो, पाणी नंतर. इंजिन थांबते तेव्हा आत पाणी शिल्लक असते. म्हणून नियम असा की मध्येच नुसता गॅस भरायचा नाही. भरायचे तर दोन्ही. मोठ्या इंजिनात ही काळजी फायरमन करी. आजोबांना मी विचारले, की ड्यूटीवर चढल्यावर आधी काय बघायचात? "ग्लास," ते म्हणाले. "ग्लासात पाणी दिसलं नाही तर आधी कारण शोधायचं, मग कोळशाला हात लावायचा. ड्रायव्हर ओरडला तरी." भट्टीच्या छतावरचे पाणी हटले की ते छत लाल होऊन मऊ पडते, म्हणून त्यात शिशाचा प्लग असे, जो आधी वितळून इशारा देई.

ही माहिती पुस्तकांत मिळते, पण कान पुस्तकात मिळत नाहीत. काकांचे इंजिन वळणावर किंचित मंदावले, तेव्हा आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, की मागच्या बाजूला चढ आहे. लेव्हल लावून पाहिली. दोन मीटरमध्ये २ सेंटिमीटर चढ निघाला. चार किलोच्या गाडीला त्यामुळे ४० ग्रॅमचा जास्तीचा ओढा पडत होता. भारतात शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बनले आणि ब्रॉडगेजवरची नियमित वाफ १९९५ मध्ये संपली. ज्यांनी रोज फावडे चालवले त्यांतले बहुतेक आता सत्तरीच्या पुढे आहेत. हरियाणात रेवाडीला १८९३ ची शेड आहे, तिथे वाफेची इंजिने अजून जपलेली आहेत. १८५५ मध्ये लीड्सला बनलेली फेअरी क्वीन याच परिसरात, दिल्ली कॅन्टोन्मेंट ते अलवर अशी धावली आहे. इंजिने राहतील. ती चालवणाऱ्यांकडून शिकायला फार वर्षे हातात नाहीत, आणि आमच्या अर्जात घाई आहे ती यासाठी.

क्लबसमोर आम्ही ठेवलेली योजना अशी. पहिल्या सत्रात विस्तव नाही. फक्त बॉयलरची थंड पाण्याची चाचणी, काट्याची नोंदवही आणि रुळांची लेव्हल. दुसऱ्या सत्रात प्रशिक्षक समोर असतानाच पेटवणे, एका वेळी एकच इंजिन, हातमोजे आणि चष्मा, शेजारी अग्निशामक. नोंदवहीत पाणी, गॅस आणि तेल यांचे आकडे लिहिल्याशिवाय रेग्युलेटरला हात नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आजोबा शाळेत यायला तयार आहेत. खुर्ची मात्र रुळाजवळ हवी, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.