छोटा बर्गर, मोठी सवय

भगिनींनो, सडक अर्जुनीत शाळा सुटली की मुलांचे पाय ठेल्याकडे वळतात. गोड सॉस, खारट टिक्की, तेलकट पाव एकत्र आले की जीभ आणखी मागते. कोंडा काढलेला मैदा लवकर पचतो, भूक पुन्हा लागते. म्हणून एका छोट्या बर्गरवर भागत नाही. मोठ्या माणसानेही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहून कमी पुरते. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल हृदयाला घातक.

मजुरीवरून उशिरा परतणाऱ्या आईला आम्ही बोल लावत नाही. पण तेवढ्याच पैशांत उकडलेले अंडे किंवा मूठभर फुटाणे येतात. त्यातून प्रथिने मिळतात, पोटाला आधार राहतो. बर्गर महिन्यातून एकदा, अंडे-फुटाणे नेहमी.