निरोप पुढे पाठवण्यापूर्वी



१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या भागात आधीच पसरली होती. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

आपण म्हणतो, दोष माणसाचा, मोबाइल हे केवळ साधन. हे अर्धेच खरे आहे. साधनाची घडण हाताला वळण लावते. निरोप ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून मजकूर न तपासता आपण पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तो मुळात कोणी लिहिला, चित्रफीत कोठली, कधीची, हे त्यात दिसत नाही. तपासायला वेळ लागतो. पुढे पाठवायला मात्र बोटाचा एक स्पर्श पुरतो.

ही घडण सर्वांना सारखीच, परंतु तिचा घाव दुबळ्यावर आधी बसतो. गावातल्या माणसाविषयी अफवा उठली तर शेजारी म्हणतात, 'आम्ही त्याला ओळखतो.' भटक्या माणसाला ओळखणारे तेथे कोणी नसते. ज्या गटात त्याच्याविषयी लिहिले जाते, त्या गटात तो नसतो. मग खुलासा कोण करणार? ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण भटक्यांविषयीचा संशय मागे राहिला. अफवा त्याच संशयावर पोसते.

घडण बदलता येते, हेही आपण पाहिले. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. त्यानंतर असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. उपाय साधा होता. तो माणसे मेल्यानंतर आला.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. खात्री न केलेला निरोप पुढे पाठवणे हीसुद्धा साक्षच होय. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. न तपासलेले निरोप आमच्याही हातून पुढे गेले आहेत.

या आठवड्यात घरी विचार करू या:

१. हा निरोप मुळात कोणाचा, हे मला ठाऊक आहे का?

२. ज्याच्याविषयी तो आहे, तो समोर असता तर मी हेच बोललो असतो का?

३. आपल्या गटात कोणा समाजाविषयी असे काही आले, तर 'याला आधार काय?' असे विचारणारा पहिला मी होईन का?