रक्तगट आणि विषाणूजन्य रोग
(वरच्या प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी पाठाची रूपरेषा)

शाळेच्या ओळखपत्रावर मुलाच्या नावाखाली त्याचा रक्तगट लिहिलेला असतो. कोविडच्या साथीनंतर त्या एका अक्षराविषयी मुलांच्या व पालकांच्या मनांत नाना कल्पना रूढ झाल्या आहेत. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी उभा राहून विचारतो, "गुरुजी, ओ गटाच्या माणसाला साथीचा रोग होत नाही, हे खरे काय?" या प्रश्नास 'होय' असे उत्तर देणे चुकीचे आहे आणि 'सारे खोटे आहे' असे म्हणून त्या मुलास खाली बसविणे हेही तितकेच चुकीचे आहे. 'होय' म्हटल्याने ओ गटाचे मूल हात धुण्याचा कंटाळा करू लागते आणि ए गटाचे मूल विनाकारण भिते. 'खोटे' म्हटल्याने विज्ञानातील एक खरी व मनोरंजक गोष्ट मुलांपासून दूर राहते. यास्तव या विषयातील खरे किती व अतिशयोक्ती किती, हे शिक्षकांनी आधी स्वतः नीट समजून घ्यावे.

रक्तगटाचे स्वरूप

माणसामाणसांच्या रक्तात भेद असतो, हे व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवून दिले. या शोधाबद्दल त्यास १९३० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या अतिसूक्ष्म साखळ्या असतात. या साखळीच्या पायास 'एच' असे नाव आहे. त्या पायावर एक विशिष्ट शर्करा जोडली गेली म्हणजे ए गट होतो. दुसरी जोडली गेली म्हणजे बी गट होतो. काही साखळ्यांवर पहिली व काहींवर दुसरी असेल तर एबी गट होतो. आणि पाया तसाच मोकळा राहिला तर ओ गट होतो.

हे समजावण्यासाठी फळ्यावर भिंतीतल्या खुंट्यांचे चित्र काढावे. ए गटाच्या खुंट्यांवर टोप्या, बी गटाच्या खुंट्यांवर पागोटी, एबी गटात दोन्ही, आणि ओ गटाच्या खुंट्या रिकाम्या. शिवाय, जी वस्तू आपल्या खुंटीवर नाही तिला परकी समजणारी प्रतिद्रव्ये आपल्या रक्तात असतात. म्हणून ओ गटाच्या रक्तात ए व बी या दोहोंविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळतात.

परंतु खुंटी तरी सर्वांना असतेच असे नाही. १९५२ साली मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींचा शोध प्रसिद्ध केला की, ज्यांच्या तांबड्या पेशींवर एच हा पायाच नसतो. हा गट जगभर 'बाँबे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या साध्या तपासणीत अशी व्यक्ती ओ गटाची वाटते. प्रत्यक्षात तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. ओळखपत्रावरचे अक्षर सर्व काही सांगत नाही, हा पहिला धडा आपल्याच मुंबईने जगास दिला आहे.

एका शाळेतील साथ

या शर्करा केवळ रक्तातच असतात असे नाही. बहुतेक माणसांच्या लाळेत व आतड्याच्या अस्तरावरही त्या असतात. विषाणूंशी त्यांचा संबंध येतो तो येथे. विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्यास सजीव पेशीत शिरावे लागते आणि शिरण्यापूर्वी पेशीच्या पृष्ठभागावर कशास तरी धरावे लागते. काही विषाणू नेमक्या याच खुंट्यांना धरतात.

अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचे गाव आहे. तेथील एका प्राथमिक शाळेत १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात एकाएकी वांत्या व जुलाब यांची साथ आली आणि सुमारे निम्मे विद्यार्थी व शिक्षक आजारी पडले. रोगाचे कारण लगेच सापडले नाही. १९७२ साली अल्बर्ट कापिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या साथीचा विषाणू दाखवून दिला. त्या गावावरूनच या जातीच्या विषाणूंना पुढे 'नोरोव्हायरस' हे नाव पडले.

या विषाणूची काहींना लागण होते व काहींना होत नाही, याचे एक कारण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने उघड केले. स्वयंसेवकांना हा विषाणू मुद्दाम देण्यात आला. ज्यांच्या आतड्याच्या अस्तरावर एच शर्करा नव्हती, त्यांच्यापैकी एकासही लागण झाली नाही. मात्रा वाढवूनही नाही. ही शर्करा तेथे तयार करणारे जनुक आईकडून व वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी निकामी स्वरूपात आले की असे घडते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे पाचांत एक असतात.

येथे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावे. पहिली अशी की, हा गुण ओळखपत्रावर लिहिलेला नसतो. ए, बी, ओ यांपैकी कोणत्याही गटाच्या माणसाच्या आतड्यात ती शर्करा असेल किंवा नसेलही. दुसरी अशी की, नोरोव्हायरसच्या अनेक उपजाती आहेत आणि त्यांतील काही या 'सुरक्षित' माणसांनाही गाठतात. तेव्हा हे संरक्षण एका विषाणूपुरते खरे आहे. ते सर्व रोगांवरचे कवच नव्हे.

देवी आणि कोविड

देवीच्या रोगाविषयीचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९६६ साली फोगेल व चक्रवर्ती या संशोधकांनी पश्चिम बंगाल व बिहारमधील खेड्यांत केलेली पाहणी प्रसिद्ध केली. रोग्यांची तुलना त्यांनी त्यांच्याच निरोगी भावंडांशी केली. घर तेच, अन्न तेच, सहवास तोच. म्हणून ही तुलना चांगली होती. ए व एबी गटांच्या माणसांत देवीचे प्रमाण व तीव्रता अधिक असल्याचे त्यांना आढळले. तथापि त्याच काळात इतरांनी केलेल्या पाहण्यांत असा भेद दिसला नाही आणि वाद अनिर्णित राहिला. तो आता रोग्यांची पाहणी करून मिटविता येणार नाही. कारण नैसर्गिकरीत्या झालेला देवीचा शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियात आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. हे महत्कार्य लसीने झाले, आणि देवी काढणाऱ्याने दंड पुढे करणाऱ्या कोणाचाही रक्तगट विचारला नव्हता.

कोविडविषयीही असेच झाले. २०२० साली इटली व स्पेन येथील १,९८० गंभीर रोग्यांच्या अभ्यासात ए गटाचे प्रमाण काहीसे अधिक व ओ गटाचे कमी आढळले. याची दोन कारणे सुचविली गेली. ओ गटातील प्रतिद्रव्ये विषाणूस काही अंशी अडवीत असावीत, हे एक. आणि ओ गटाच्या रक्तात गुठळी होण्यास साहाय्य करणारे एक द्रव्य कमी असते, हे दुसरे. परंतु २०२१ साली अमेरिकेत एक लाखाहून अधिक लोकांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत रक्तगटाचा असा संबंध दिसला नाही. भेद असलाच तर तो लहान आहे. वय, मधुमेहासारखे जुने विकार आणि लसीकरण यांचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे.

चिंचोक्यांचा प्रयोग

'प्रमाण अधिक असणे' याचा अर्थ मुलांना शब्दांनी सहसा कळत नाही. तो हातांनी कळतो. दोन पिशव्या घ्याव्या व प्रत्येकीत वीस चिंचोके घालावे. पहिल्या पिशवीतील सहा चिंचोक्यांवर व दुसऱ्या पिशवीतील चार चिंचोक्यांवर खडूने ठिपका द्यावा. ठिपका म्हणजे आजार. हे आकडे केवळ खेळासाठी घेतलेले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

सर्व चिंचोके ओतून मोजले असता पहिल्या पिशवीत आजार अधिक आहे, हे मुले लगेच सांगतील. चिंचोके पुन्हा भरून एका विद्यार्थ्यास डोळे मिटून पहिल्या पिशवीतून एक चिंचोका उचलण्यास सांगावे. तो ठिपक्याचा निघेल की कोरा, हे कोणासही आधी सांगता येणार नाही. पहिल्या पिशवीतील चौदा चिंचोके कोरेच आहेत आणि दुसऱ्या, 'सुरक्षित' पिशवीतही चार ठिपके आहेत. पिशवीविषयी जे खरे असते, ते प्रत्येक चिंचोक्याविषयी खरे असते असे नाही. ही एवढी गोष्ट मुलांच्या मनात ठसली तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

शाळेत घ्यावयाची दक्षता

ओळखपत्रावरील रक्तगट हा अपघातप्रसंगी उपयोगी पडावा म्हणून असतो. आणि तेव्हाही रक्त देण्यापूर्वी दवाखान्यात तपासणी पुन्हा केली जाते. त्या अक्षरावरून मुलांच्या बैठकीत भेद करू नये, कोणास 'बळकट' वा 'दुबळे' म्हणू नये, आणि कोणाच्याही लसीकरणाची हयगय होऊ देऊ नये. आईवडिलांचे रक्तगट घरून लिहून आणण्याचा स्वाध्यायही देऊ नये. बाँबे रक्तगटासारख्या अपवादामुळे न जुळणारा आकडा घरात नसता संशय निर्माण करू शकतो.

शालेय पोषण आहारापूर्वी व शौचानंतर हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुण्याची शिस्त कसोशीने पाळावी. नोरोव्हायरसवर हातांना लावावयाच्या मद्यार्कयुक्त द्रवाचा परिणाम कमी होतो. तेथे साबण व पाणीच श्रेष्ठ. वांत्या-जुलाब झालेल्या मुलास घरी विश्रांती द्यावी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना असा त्रास झाल्यास तो थांबल्यावरही निदान दोन दिवस त्यांनी अन्नास हात लावू नये.

पाठाच्या अखेरीस मुलांना लँडस्टायनरच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट सांगावी. पोलिओ हा विषाणूमुळे होतो, हे १९०८ साली एर्विन पॉपर या सहकाऱ्यासह त्यानेच दाखविले. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. ज्याने रक्तगटांचा भेद शोधला, त्यानेच ओळखलेला हा रोग आपण भेद न करता, प्रत्येक बालकाच्या मुखी थेंब घालून घालविला.

स्वाध्याय

१. ए, बी, एबी व ओ या गटांच्या खुंट्यांचे चित्र काढा.
२. नॉरवॉकच्या विषाणूची काही स्वयंसेवकांना लागण का झाली नाही?
३. फोगेल व चक्रवर्ती यांनी रोग्यांची तुलना त्यांच्या भावंडांशी का केली असावी?
४. "माझा गट ओ आहे, मला हात धुण्याची गरज नाही," असे म्हणणाऱ्या मित्रास चिंचोक्यांच्या आधारे काय सांगाल?