पाहिले ते लिहिले

चांगले लेखन कशाला म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. एखाद्या वर्गात तो विचारला, तर बहुतेक विद्यार्थी म्हणतील, की ज्यात उपमा आहेत, म्हणी आहेत आणि भारदस्त शब्दांची रेलचेल आहे, ते लेखन चांगले. ही समजूत अगदीच निराधार नाही. समर्पक उपमेने लेखनास शोभा येते, यात शंका नाही. परंतु शोभा निराळी आणि प्राण निराळा. दागिने कितीही मोलाचे असले, तरी ते ल्यावयास जिवंत देह असावा लागतो.

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय शिक्षकांनी निबंधासाठी दिला, असे समजा. निम्म्या वह्यांत आकाशात मेघांचा मृदंग वाजू लागतो, धरित्री हिरवा शालू नेसते आणि मोर पिसारा फुलवून थुईथुई नाचू लागतात. त्या मुलांपैकी एकानेही नाचणारा मोर पाहिलेला नसतो. मग एक वही अशी निघते, की तिच्यात मेघ नाहीत आणि मोरही नाहीत. रात्री घर गळू लागले, आईने गळतीखाली पातेले ठेवले, पातेले भरत गेले तसतसा थेंबांचा आवाज बदलत गेला, आणि निजलेल्या धाकट्या भावाचे अंथरूण तिने तीन वेळा हलविले, एवढेच त्या मुलाने लिहिलेले असते. शिक्षक ती वही दोनदा वाचतात. पहिल्या वह्यांतील पाऊस पुस्तकांतून आलेला असतो. या वहीतील पाऊस घरात आलेला असतो.

चांगल्या लेखनाचे मर्म या भेदात आहे. मराठी वाङ्मयात त्याचे एक थोर उदाहरण आहे. त्याचा कर्ता लेखक म्हणून प्रसिद्ध नव्हता. तो कोकणातील एक गरीब भिक्षुक होता.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेणजवळ वरसई नावाचे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे यांच्या घरी दारिद्र्य होते व डोक्यावर कर्ज होते. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली. तेव्हा १८५७ साली, वयाच्या तिशीच्या सुमारास, ते आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. आईबापांचे कर्ज फेडावे आणि साधल्यास काशीयात्रा करावी, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला, आणि हे दोघे भिक्षुक त्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च महिन्यात इंग्रज सेनापती ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट झाशीतच होते. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल व लूट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. जवळची मिळकत गेली, पण जीव वाचला. पुढे काशीयात्रा करून, मातापित्यांना स्नान घालण्यासाठी गंगोदकाची कावड घेऊन ते वरसईस परतले.

पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. ‘माझा प्रवास’ हे तिचे नाव.

या ग्रंथाची थोरवी कशात आहे? विष्णुभट ना इतिहासकार होते, ना कवी. लेखनकलेचे शिक्षण त्यांस कोणी दिले नव्हते. परंतु त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट ही, की त्यांस सांगण्याजोगे काही होते व ते त्यांनी स्वतः पाहिलेले होते. ‘झाशीत भयंकर लूट झाली’ एवढेच ते लिहिते, तर वाचणाऱ्याने मान हलविली असती आणि पुढचे पान उलटले असते. विष्णुभट लुटीचा क्रम सांगतात. आधी सोने, चांदी व रोकड गेली. मग तांब्यापितळेची भांडी गेली. मग वस्त्रे गेली. अखेरीस धान्यही गेले. ‘भयंकर’ या एका शब्दाने जे साधले नसते, ते या साध्या यादीने साधते. भांडे गेल्यावर पाणी कशात भरावे, आणि धान्य गेल्यावर चूल कशावर पेटवावी, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याचीही नोंद या वैदिकाने हळहळून केली आहे. पोथीचे मोल जाणणाऱ्या माणसाच्याच दृष्टीस ती हानी पडावयाची.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. संकटातून वाचलेल्या माणसास पुढे शूर दिसण्याचा मोह होतो. विष्णुभटांनी तो मोह बाळगला नाही. आपण भ्यालो, लपलो, पैसा गेला तेव्हा दुःखी झालो, हे त्यांनी न लाजता सांगितले. जो स्वतःचे भय लपवीत नाही, तो दुसऱ्याचे शौर्य सांगू लागला, की वाचक त्यावर विश्वास ठेवतो. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांस राणी लक्ष्मीबाई भेटल्या. त्या पठाणी वेषात होत्या, धुळीने माखल्या होत्या व तहानेने व्याकूळ झाल्या होत्या. विष्णुभट पाणी काढून देऊ लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून ते काम घेण्यास राणीने नकार दिला व आपल्या हाताने पाणी काढून ओंजळीने प्राशन केले. येथे पराक्रमाचे वर्णन नाही, तलवारीचा खणखणाट नाही. तरीही राणीची थोरवी आणि तिच्यावर ओढवलेली वेळ, ही दोन्ही त्या ओंजळभर पाण्यात दिसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे भाषा. विष्णुभट घरी जसे बोलत असतील, तसेच त्यांनी लिहिले. आपल्या गावच्या लोकांस ही गोष्ट कळावी, अशा रीतीने त्यांनी ती सांगितली. म्हणून शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ती शिळी झाली नाही.

या ग्रंथात दोष नाहीत, असे मात्र नाही. विष्णुभटांनी पाहिलेल्या गोष्टींबरोबर ऐकलेल्या गोष्टीही लिहिल्या आहेत, आणि त्यांत चुका आहेत. इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरवून धर्म बुडविणारी कलमे वाचून दाखविली, ही वाटेत शिपायांकडून ऐकलेली हकीकत त्यांतलीच आहे. शिपायांच्या मनात कोणती भीती होती, हे तीवरून कळते. परंतु अशी सभा भरल्याचा आधार इतिहासात मिळत नाही. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांतील अंतर लेखकाने सदैव ध्यानी ठेवले पाहिजे. एकाच लेखणीतून उतरलेली दोन पाने, पण एक साक्ष ठरते आणि दुसरे केवळ वार्ता.

या ग्रंथाच्या छपाईची कथाही बोध घेण्याजोगी आहे. वैद्य थोर विद्वान होते. प्रसिद्ध करताना त्यांनी मूळ लेखनात फेरबदल केले, काही भाग गाळला व भाषा नीटनेटकी केली. त्यांचा हेतू चांगला होता, आणि त्यांच्यामुळेच हा ग्रंथ लोकांपुढे आला, हे विसरता येत नाही. परंतु पुढे अभ्यासकांस विष्णुभटांचे मूळ शब्द हवेसे वाटू लागले. १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्याने पाहिले त्याचेच शब्द का हवेत? कारण शब्द बदलला, की पाहणे थोडेसे बदलते. शुद्धलेखनाची चूक सुधारणे हे लेखनावर उपकार करणे होय. सांगणाऱ्याचा आवाज पुसून टाकणे ही मात्र लेखनाची हानी होय. निबंध दुसऱ्याकडून ‘सुधारून’ घेणाऱ्या विद्यार्थ्याने हा भेद ओळखावा.

याचा अर्थ मनात येईल तसे लिहावे, असा नाही. साधेपणा आणि गबाळेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. लिहिलेले पुन्हा वाचावे. जे वाक्य काढून टाकल्याने काही उणे पडत नाही, ते काढून टाकावे. कोणती गोष्ट आधी व कोणती नंतर, याचा विचार करावा. व्याकरणाचे नियम पाळावेत, कारण वाचकास ठेच लागू न देणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. परंतु या सर्व कामांपूर्वी प्रत्येकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : ‘हे मला खरोखर दिसले आहे काय?’ उत्तर ‘होय’ असेल, तर शब्द साधे असले तरी चालतील. उत्तर ‘नाही’ असेल, तर कितीही मोर नाचविले, तरी पाऊस पडावयाचा नाही.

वरसईचे विष्णुभट धन मिळविण्यास निघाले होते. ते धन झाशीत लुटले गेले. डोळ्यांत साठविलेले मात्र कोणास लुटता आले नाही, आणि तेच पुढे त्यांनी मराठी भाषेस दिले.

अभ्यास

१. ‘पहिल्या वह्यांतील पाऊस पुस्तकांतून आलेला असतो; या वहीतील पाऊस घरात आलेला असतो.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. लुटीचा क्रम सांगितल्याने ‘भयंकर’ या शब्दापेक्षा अधिक परिणाम का होतो?
३. साक्ष व वार्ता यांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. शब्द सुधारणे आणि आवाज पुसणे यांत लेखक कोणता फरक करतात?
५. आज सकाळी घरातून शाळेत येताना तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट दहा ओळींत लिहा. ‘सुंदर’, ‘रमणीय’ व ‘भयंकर’ हे शब्द वापरू नका.