मस्टरवर नसलेला माणूस

आमच्या आयटीआयच्या भिंतीवर ट्रेडची नावं मराठीत रंगवली होती. वीजतंत्री, जोडारी, संधाता, कातारी. दोन वर्षांत यातला एक शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आम्ही इलेक्ट्रिशियन, बाकीचे फिटर, वेल्डर, टर्नर. २००९ साली पास झालो तेव्हा सरांनी एवढंच सांगितलं, "अप्रेंटिसला जा. वर्षाचाच प्रश्न आहे."

पण अप्रेंटिसचं विद्यावेतन रोजंदारीच्या निम्मंसुद्धा भरत नव्हतं. घरी बियाण्याची उधारी थकलेली. त्यातच आमच्या गावाकडचाच एक ठेकेदार भेटला. भोसरीत कामं घ्यायचा. म्हणाला, "शिकून आलायस ना? मग परत काय शिकतोस? उद्यापासून ये, दोनशे रोज." वडिलांना तर तो देवमाणूस वाटला. मीही गेलो.

चार वर्षं भिंतींना खाचा मारल्या, पाइप टाकले, वायरी ओढल्या. हात बसला, हे खरं. डोळे मिटून बोर्ड भरायचो. पण ड्रॉइंग कधी हातात आलं नाही. कुठली केबल कुठून येते, पॅनेलला सप्लाय किती वाटांनी येऊ शकतो, हे विचारायचं असतं तेच माहीत नव्हतं. ठेकेदार म्हणाला "मेन पाडलंय" की आम्ही कामाला लागायचो.

२०१३ सालचा एक गुरुवार. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात. एका छोट्या कारखान्याच्या पॅनेलमधले बसबारचे बोल्ट आवळायचे होते. मेन पाडलेलं होतं. मी टेस्टर लावून पाहिला, पेटला नाही. शेजारच्या भिंतीवर जनरेटरचा चेंजओव्हर होता, त्याचा दांडा मधोमध. म्हणजे ना वीज मंडळाचा सप्लाय, ना जनरेटरचा. पाना लावला.

मागच्या बाजूला वॉचमनला टाकीत पाणी चढवायचं होतं. लाइट नाही, मग जनरेटर. दर सुट्टीला तो हेच करायचा. जनरेटर सुरू झालेला मला ऐकूसुद्धा आला, पण शेजारच्या शेडचा असेल असं वाटलं. तो आत आला, मला पाहिलं की नाही कोण जाणे, दांडा खाली ओढला. माझा पाना बोल्टवर होता. हाताला हिसका बसला, पाना सुटून दोन फेजांमध्ये आडवा पडला आणि पांढरा भक्क उजेड झाला. त्यानंतरचं आठवतं ते फक्त जळक्या केसांचा वास. पान्याच्या तोंडाचा एक तुकडा वितळून गेला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना आजही गरम-गार कळत नाही.

ठेकेदारानं पहिल्या पट्टीचे पैसे दिले. नंतर फोन उचलणं बंद. कारखान्याचा मालक म्हणाला, हा आमचा माणूस नाही. ठेकेदार म्हणाला, त्या दिवशी मी त्याला बोलावलंच नव्हतं. मस्टरवर माझं नाव कधीच नव्हतं, पगार हातात, ईएसआयचा नंबर नाही. कामावर इजा झालेल्याला भरपाई द्यायचा १९२३ सालचा कायदा तेव्हा होता. पण त्यासाठी आपण कामावर होतो हे आधी दाखवावं लागतं. चार वर्षांच्या कामाचा माझ्याकडे चिठ्ठीएवढा कागद नव्हता.

हात बरा झाल्यावर अप्रेंटिसला गेलो. बरोबरची पोरं मला काका म्हणायची. पहिल्या दिवशी तिथल्या मिस्त्रींनी विचारलं, "कुलूप आणलंस?" मला वाटलं, पेटीचं. पण ते स्विचचं कुलूप होतं. ज्याचा हात आत, त्याचं कुलूप दांड्यावर आणि किल्ली त्याच्याच खिशात. चार जण कामाला असतील तर चार कुलपं. साठ-सत्तर रुपयांचं कुलूप त्या गुरुवारी चेंजओव्हरला असतं, तर वॉचमननं दोन शिव्या दिल्या असत्या, बस.

टेस्ट लॅम्पही त्यांनीच बनवायला शिकवला. दोन बल्ब सिरीजमध्ये, कारण फेज ते फेज ४१५ व्होल्ट असतात आणि २३० चा एकटा बल्ब तिथं फुटेल. आधी चालू जागेवर लावून दिवा पेटतो ना ते बघायचं, मग कामाच्या जागेवर, मग पुन्हा चालू जागेवर. शेवटचं का? मधल्या वेळात दिवाच गेला असेल तर? खिशातल्या निऑन टेस्टरवर तर जीव टाकूच नये. त्याचा करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो, त्यामुळे लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर वीज असूनही तो नीट पेटत नाही.

आता नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांशी बोलतो. आयटीआयचं सर्टिफिकेट हातात पडलं की अप्रेंटिसशिप पुरी करा. तारतंत्रीचा परवाना लगेच काढा. विजेच्या मांडणीचं काम परवानाधारकानंच करावं असा नियम आहे, आणि माझ्याकडे तो चार वर्षं नव्हता. घरची अडचण असेल आणि रोजावर जावंच लागलं, तर जा, त्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्याच दिवशी मस्टर, ईएसआय आणि पगार बँकेत, हे तीन विषय काढा. ठेकेदार वैतागेल. वैतागू दे. सगळेच ठेकेदार वाईट नसतात, हे मी सांगणं जरा अवघडच, कारण आज मीही ठेकेदार आहे.

गेल्या महिन्यात एक पोरगा कामाला आला. मी रोज सांगितला, कामाची जागा सांगितली. तो म्हणाला, "दादा, आधी मस्टर दाखवता का?" राग आला, खोटं कशाला बोलू. मग उठलो आणि कपाटातून मस्टर काढलं.