रेवसची लाँच आणि पौर्णिमेचं पाणी

पेणला राहणाऱ्या आईची फार दिवसांची इच्छा होती, मुंबईहून घरी येताना एकदा रेवसला उतरायचं. लहानपणी ती याच वाटेने गावी यायची. प्रस्तुत लेखक राहतो रोह्याला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी थेट रो-रो होती, पण त्याने ठरवलं ते तुकड्यातुकड्याने जायचं. लाँचने मोरा, रिक्षाने करंजा, तिथून खाडी ओलांडून रेवस. पैसेही थोडे वाचणार होते.

मोऱ्यापर्यंत सगळं छान झालं. करंजाला पोहोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि धक्क्याच्या पायऱ्यांखाली नुसता गाळ दिसत होता. लाँचवाला म्हणाला, "दादा, आज पौर्णिमा. आता पाणी रात्रीच चढेल." समोर रेवस दिसत होतं, एरवी जेमतेम पंधरा मिनिटांची वाट. आईचे गुडघे सुजलेले, संध्याकाळची गोळी सामानाच्या तळाशी. उलट फिरून उरण, पनवेल, मग पेण. आईला पोहोचवून तो रोह्याला आला तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

चूक वाटेची नव्हती, वेळेची होती. या किनाऱ्यावरचे कोळी भरतीचा हिशेब तोंडी करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, आणि मोरा, रेवससारख्या गाळ साचलेल्या बंदरांत लाँच धक्क्याला लागू शकत नाही. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीत, हा त्रास बराच कमी असतो. कालनिर्णय घरोघरी भिंतीवर असतं. निघण्याआधी तिकडे एक नजर टाकायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून सोबत म्हातारं माणूस, लहान मूल किंवा जड सामान असेल, किंवा निघायलाच दुपार झाली असेल, तर थेट बोट घ्यावी. १५ मार्च २०२० पासून सुरू झालेली रो-रो गाडीसकट साधारण तासाभरात मांडव्याला सोडते. गेटवेहून सुटणाऱ्या बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, पुढे पेण-रोह्यासाठी एसटी आहे. मात्र गेटवेच्या या बोटी पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा रो-रो नसेल तर सरळ दिवा-रोहा गाडी पकडावी.

पावसाळ्यातल्या समुद्राशी हट्ट करू नये, हे तर या किनाऱ्याला सांगायलाच नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती दिव्याच्या अवसेला घरी निघालेली माणसं होती. लाँच कितीही छोटी असो, अंतर कितीही कमी असो, लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि खच्चून भरलेली फेरी सोडून द्यावी.

टप्प्याटप्प्याची वाट मात्र टाकून देऊ नये. ती सकाळी धरावी, शेवटची लाँच कधी सुटते हे पहिल्याच धक्क्यावर विचारावं, आणि औषधं हाताशी ठेवावीत.

माघ पौर्णिमेला दोघं पुन्हा निघाले, या वेळी सकाळी आठला. करंजाहून सुटलेली लाँच साडेअकराच्या सुमारास रेवसला लागली. पाणी वरच्या पायरीपर्यंत आलं होतं. आई कुणाचाही हात न धरता उतरली आणि कितीतरी वेळ खाडीकडे बघत उभी राहिली.