जुनी लेन्स, नवा कॅमेरा

माझे वडील तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत मदतनीस होते. फिल्मचे दिवस संपले, तेव्हा मालकांनी त्यांना निकॉनची ५० मिमी, १.८ डी लेन्स देऊन टाकली. यंदा स्नेहसंमेलनात ती मी मित्राच्या डी ५६०० कॅमेऱ्याला जोडली, तर सारी छायाचित्रे अस्पष्ट! एक दुकानदार म्हणाले, "लेन्स गेली." वडील काही बोलले नाहीत. मला मात्र चैन पडेना.

शोध घेतला, तेव्हा कळले की दोष लेन्सचा नव्हताच. १९८६ च्या एफ-५०१ मध्ये निकॉनने फोकसची मोटर कॅमेऱ्यात बसवली. कॅमेऱ्यातील छोटा दांडा फिरला की लेन्स फिरते. 'डी' लेन्सला सहसा स्वतःची मोटर नसते. २००६ च्या डी ४० मध्ये आणि पुढे डी ३००० व डी ५००० मालिकांत कॅमेऱ्यातही मोटर ठेवलेली नाही. मग लेन्स फिरवणार कोण?

मित्रहो, ती आपणच फिरवायची. प्रथम अपर्चरची कडी २२ वर आणून अडकवावी; नाहीतर कॅमेरा चूक दाखवतो. मग बटण अर्धे दाबून फोकसची कडी हळूहळू फिरवावी. पाहण्याच्या खिडकीत खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला, की फोकस साधला. कॅमेऱ्यावरून अपर्चर ४ ठेवल्यास थोडी चूक खपते.

मोटर असलेल्या डी ७००० मालिकेवर हीच लेन्स आपोआप फोकस करते. तेथेही अडली, तर कॅमेऱ्यावरील फोकसचा खटका पाहावा आणि लेन्सचे धातूचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.

परवा त्याच लेन्सने वडिलांचे छायाचित्र घेतले. ते निरखून वडील एवढेच म्हणाले, "पापण्यासुद्धा मोजता येतात की रे!"